चौथ्या गिअरचा नवस

आमच्या ट्रॅक्टरला गिअर चार होते, पण गावात कुणालाही विचारलं असतं तर त्यानं तीनच सांगितले असते. चौथा पडतच नव्हता. दांडा तिसऱ्यातून काढायचा, चौथ्याच्या खाचेकडं न्यायचा, अर्ध्या वाटेत टक्क करून अडायचा. जोर लावला तर हाताला झिणझिण्या येत, पण दांडा काही पुढं सरकत नसे. मी वयात आल्यावर सगळ्यांच्या नकळत कैक वेळा लावून पाहिला जोर. ढिम्म.

ट्रॅक्टर विलायती होता, करड्या रंगाचा, हॅन्डल मारून सुरू होणारा. आबांनी, म्हणजे माझ्या आज्यानं, तो कळमनुरीकडच्या एका बड्या जमीनदाराकडून जुनाच घेतला होता, माझ्या जन्माच्याही आधी. कळमनुरीहून गावापर्यंत आबांनी तो स्वतः हाकत आणला होता आणि तोही चौथ्यात. ही गोष्ट त्यांनी आल्यागेल्याला एवढ्या वेळा सांगितली होती, की पाहुणे आले की आम्ही पोरं अंगणातूनच तिची पुढची वाक्यं म्हणायचो. वाटेत एक एसटी लागली, तिला कसं मागं टाकलं, ड्रायव्हरनं कसा सलाम केला, सगळं. एसटी उभी होती की चालू होती, हे मात्र आबा सांगत नसत.

असा तो वाघ, आणि त्याचा चौथा गिअर एकाएकी पडायचा बंद झाला. आबा एका लग्नाला कळमनुरीला गेले होते, जवळजवळ सगळं घर गेलं होतं. परत आले तर ही बातमी. वडलांनी, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, मान खाली घालून सांगितलं की गिअरचे दात तुटलेत, इतक्या जुन्या मालाचे पार्ट आता कुठं भेटत नाहीत. आबांना ते एवढं लागलं, की घरात कुणी गेल्यासारखे बसून राहिले बिचारे. त्यात भर म्हणजे त्याच दिवसांत आमच्या बैलगाडीच्या चाकाची खीळ हरवली. चाक आसावरून निसटू नये म्हणून लोखंडाची जाड खीळ असते, ती. आबांचा सगळा संताप मग त्या खिळीवर निघाला आणि खिळीवरून धाकट्या काकांवर. काका पुढं कित्येक वर्षं म्हणायचे, मी त्या खिळीला हात लावला असेल तर माझा हात झडो.

मग आबांनी उपाय केले. आधी कुणाची तरी नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधली. मग गिअरबॉक्सवर हळद-कुंकू वाहून नारळ फोडला. हळदी-कुंकवाचं ताट धरून अण्णा शेजारी उभे होते, तोंड अगदी गंभीर. शेवटी आबा औंढ्याला गेले आणि नागनाथाला नवस बोलले, की माझ्या ट्रॅक्टरचा चौथा गिअर पडू दे, तुझ्या दारात गुळाचा नैवेद्य दाखवीन, आणि तोवर गुळाचा खडा तोंडात घालणार नाही. आता आबा म्हणजे भाकरीसंगं गूळ, चहात गूळ, काही नसलं तर नुसता गूळ खाणारा माणूस. त्यांनी गूळ सोडला. गाव हसलं. पारावरचे लोक म्हणायचे, नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. म्हणायचे, बैलं जुंपा त्याला, बराबर टाइमावर पोचाल. आबांच्या तोंडावर म्हणायची मात्र कुणाची टाप नव्हती.

तर असा तो तीन गिअरचा ट्रॅक्टर. मला त्याच्यावरचे बाजाराचे दिवस आठवतात. नव्वदच्या दशकातले दिवस म्हणा. आमच्या गावाहून जवळा बाजार ह्या गावी बाजाराला जायचं तर तेव्हा जीप, टमटम असलं काही फारसं नव्हतं. अण्णा ट्रॉली जोडायचे, माय डाव्या मडगार्डवर पोतं टाकून बसायची, मी ट्रॉलीत. खरं म्हणजे आमच्या घरच्या बायका बाजाराला जात नसत. बाजार पुरुषांचा. पण माझ्या जन्माआधी एकदा अण्णांनी वर्षाची मिरची आणली ती निम्मी बुरशीची, दुसऱ्यांदा हळद आणली तिच्यात माती. आबांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, ह्या येड्याला पारख न्हाई, पुढल्या बाजारापासून सूनबाईला संगं न्ये. आबांचाच हुकूम, मग कोण काय बोलणार? तेव्हापासून माय जायला लागली.

आता आमच्या घराची एक रीत सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं बोलायचं नाही. नुसतं हसायचं-खिदळायचं नाही असं नव्हे, बोलायचंच नाही. आणि आमच्या घरात वडीलधारं नाही अशी जागा कुठं होती? दारात बाजेवर आबा, आत दोन काकू, काका, आत्या बाळंतपणाला आलेली, आणि आम्ही पोरं तर सुटलेल्या मेथीच्या जुडीसारखी जिथंतिथं पसरलेली. मायला अण्णांना काही सांगायचं असलं तर ती माझ्याकडं बघून म्हणायची, "सांग म्हणाव, भाकरी झाल्यात." अण्णा हाताच्या अंतरावर उभे असायचे, तरी मी जाऊन सांगायचो. अण्णा मलाच म्हणायचे, "सांग म्हणाव, येतो." असा माझा जन्म त्या दोघांमधला टेलिफोन होण्यात गेला. मायला स्वतःचा असा आवाज आहे, ती लांबलचक बोलू शकते, हे मला घरात कळलंच नसतं.

ते कळलं ट्रॉलीतून. गावातून निघताना माय अण्णांकडं पाठ करून बसायची, पदर नाकापर्यंत. वेशीच्या मारुतीचं देऊळ मागं पडलं, की ती पदर जरा मागं घ्यायची आणि अंग वळवून बसायची. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याच्या पुलापर्यंत येईस्तोवर तिचं सुरू झालेलं असे. मला शब्द ऐकू येत नसत, तिचा हात मात्र दिसे. एका हातानं मडगार्डची कड धरलेली, आणि दुसरा हात हवेत चाललेला, बांगड्यांसकट. मधेच ती हसायची. अण्णा मान हलवायचे, कधी तोंड वळवून काही म्हणायचे, मग ती आणखी हसायची. तिसऱ्यात तो ट्रॅक्टर असा आरामात धुडधुडत जायचा. सायकलवाले आम्हाला मागं टाकायचे. एकदा तर शेळ्या राखणाऱ्या म्हातारीनं मागं टाकलं, ती शेतातून आडवी गेली म्हणून, पण टाकलं. मी ट्रॉलीत चरफडायचो. बाजारात गरम भजी संपतील ही माझी काळजी. परत येताना मी पोत्यांवर झोपून जायचो. आणि पुन्हा मारुतीचं देऊळ दिसायला लागलं की माय गप्प व्हायची. पदर पुढं, पाठ अण्णांकडं. घरी उतरली की परत "सांग म्हणाव".

आबा गेले तेव्हा मी कॉलेजात हिंगोलीला होतो. गूळ न खाताच गेले. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. आमच्यात कावळा शिवला नाही की गेलेल्याचं काहीतरी मागं राहिलंय असं धरतात, मग घरचे एकेक करून पुढं होतात आणि शब्द देतात. धाकटे काका म्हणाले, आबा, शेत वाटून घेताना भांडणार न्हाई. कावळा फांदीवर बसून राहिला. आत्याला सांभाळू म्हणून झालं. कावळा जागचा हलेना. मग कुणीतरी म्हणालं, अरे, चौथा गिअर! सगळ्यांना पटलं. काकांनी हात जोडून सांगितलं, आबा, ट्रॅक्टर नांदेडला नेऊ, गिअर पाडूनच आणू, गुळाचा नैवेद्य दाखवू. कावळ्यानं तोंड फिरवलं. ऊन चढलेलं, पाय भाजून राहिलेले. शेवटी अण्णा एकटेच पुढं झाले, पिंडाजवळ वाकले आणि अगदी हळू काहीतरी बोलले. कुणालाच ऐकू गेलं नाही. ते मागं सरले आणि कावळा आला. अण्णा लहान लेकरासारखे रडले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

पुढं काकांच्या वाटण्या झाल्या, ट्रॅक्टर आमच्याकडं राहिला, चौथा गिअर तसाच राहिला. कावळ्याला काय सांगितलं ते अण्णांनी कुणाला सांगितलं नाही. दोघं बाजाराला जात राहिली. घरात आता ना आबा, ना काका, मनमोकळं बोलायला कोण आडवं येत होतं? पण नाही. घरात ते "सांग म्हणाव"च चालू. माझं लग्न झाल्यावर टेलिफोनचं काम माझ्या बायकोकडं आलं. तिला हसू आवरायचं नाही.

आणि मग एका उन्हाळ्यात अण्णा गेले. पोटाचं दुखणं होतं, ध्यानात आलं तोवर फार पुढं गेलेलं.

मायचं बोलणं तेव्हापासून संपलं. तिला कुणी गप्प बसवलं नव्हतं, आजारही नव्हता. मामा रीतीप्रमाणे दुखवट्याची साडी घेऊन आले, तिला कोपऱ्यातून उठवलं, ती कामाला लागली. भाकऱ्या टाकायची, शेण काढायची, नातवंडाला न्हाऊ घालायची. पण बोलणं म्हणजे "भूक लागली का?" आणि "दार लाव." बास. मी समोर बसून काहीबाही विचारायचो, ती व्हय-न्हाईवर आटपायची. मला सहन होत नसे. खरं सांगतो, अण्णा गेल्याचं दुःख मी गिळलं, पण हे मला गिळता आलं नाही. ट्रॉलीतून बघितलेला तो हवेतला हात मला आठवायचा आणि समोर ही बाई मुकाट तूर निवडून राहिलेली. त्या हाताबरोबर काय बोलणं चालायचं ते मला कधीच ऐकू आलं नव्हतं आणि आता ते ऐकायला मिळणार नाही, ह्या विचारानं जीव कासावीस व्हायचा. बाजारालाही ती गेली नाही. मी मोटरसायकल काढली, नको म्हणाली. टमटम दारात आणून उभी केली, नको. शेजाऱ्याचा नवाकोरा लाल ट्रॅक्टर मागून आणला. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. फक्त एकदा, गोठ्यामागं कडब्याच्या गंजीशेजारी आमचा करडा ट्रॅक्टर धूळ खात होता, तिकडं बघून म्हणाली, "त्याच्यावर गेले असते."

एवढं पुरे होतं मला. मी मनाशी ठरवलं, हा ट्रॅक्टर चालू करायचा, मायला बाजाराला न्यायचं, तिला बोलतं करायचं. आणि करायचं तर धड करायचं, चौथ्या गिअरसकट. तोवर रस्त्यावर जीपा आणि टमटमा सुसाट पळायला लागल्या होत्या. आपल्या आईला मडगार्डवर बसवायचं आणि शेळ्यांनी मागं टाकायचं? मला नाही चालणार. मायला सांगितलं तर म्हणाली, "चौथा कशाला? राहू दे." मला वाटलं नवसाचं ओझं नको म्हणून बोलून राहिली. मी ऐकलं नाही. मी कुणाचं ऐकतो?

कळमनुरी रोडवरचा एक मिस्त्री आणला. हा गडी म्हणजे उंटावरचा शहाणा. ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, तंबाखू मळली आणि काही न उघडता निकाल दिला, "दात गये भाऊ. चौथे के दात गये. नांदेडला नवीन पाडून घ्यावा लागंल." मी म्हटलं, आधी उघड तर बाबा. इंजिन त्यानं बरं केलं, एवढं कबूल करतो. टाकी धुतली, रॉकेलच्या नळ्या बदलल्या, आणि त्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरनं हॅन्डलला असा काही झटका दिला की मिस्त्री दोन दिवस मनगट चोळत होता. सुरू झाला तेव्हा त्या आवाजानं माय चुलीपुढून उठून दारात आली. बोलली काही नाही, पण उभी राहिली, आवाज बंद होईपर्यंत.

मग गिअरची पाळी. दांड्याच्या बुडाचं झाकण खोललं. आत डांबरासारखं काळं तेल. ते उपसून काढलं, रॉकेलनं आतलं सगळं धुतलं आणि मिस्त्रीचं तोंड बघण्यासारखं झालं. चौथ्याचे दात तुटले तर नव्हतेच, पण एवढे धारदार, चकचकीत, जसे कालच कारखान्यातून आलेले. झिजला होता तो तिसरा. त्याचे दात पार गोल झाले होते, बोरासारखे. मी म्हटलं, मंग अडतंय काय? दांडा हलवला की आत एक लोखंडी सळी पुढं-मागं सरकते आणि तिच्यामुळं गिअर पडतो. चौथ्यासाठी ती जिथं सरकायला पाहिजे तिथं तिच्या टोकाशी काहीतरी ठोकून बसवलं होतं. काळं, जाड, बोटभर. मिस्त्री वाकून बघत म्हणाला, "ये तो किसी ने जानबूझके बिठाया है."

माझं डोकंच सणकलं. कोणी केलं? पूर्वीच्या एखाद्या मिस्त्रीनं? आबांवर जळणाऱ्या कुणी? तो तुकडा काढायलाच अर्धा दिवस गेला. इतकी वर्षं त्या बाजूला न सरकल्यानं सळीपण धरून बसली होती. रॉकेल ओतून ठेवलं, लाकडाच्या मोगरीनं बाजूनं हळूहळू ठोकत राहिलो, जोरात ठोकलं तर वाकायची भीती. सळीला जागेवर धरणारी छोटी गोळी आणि स्प्रिंग गंजली होती, ती बदलली. मग तुकडा निघाला. तो चिंधीनं पुसला आणि मी बघतच राहिलो. ती बैलगाडीच्या चाकाची खीळ होती, एका टोकाला करवतीनं कापलेली, कानशीनं घासून बराबर मापात बसवलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. धाकट्या काकांनी ज्या खिळीपायी शिव्या खाल्ल्या, ती इतकी वर्षं आमच्याच ट्रॅक्टरच्या पोटात होती.

मी तसाच तेलकट हातानं घरात गेलो आणि खीळ मायसमोर धरली. म्हटलं, हे बघ, कुण्या हरामखोरानं हे केलंय, आबा गुळावाचून मेला. मायनं खीळ हातात घेतली, उलटीपालटी केली. आणि हसली. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा. पदर तोंडाला लावून हसत राहिली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. माझी बायको परातीवरून उठून आली. मी विचारलं, काहून हसून राहिलीस? तर म्हणाली, "उद्या बाजाराला न्ये मला. वाटंत सांगते. ट्रॉली जोड."

दुसऱ्या दिवशी ती डाव्या मडगार्डवर पोतं टाकून बसली. खीळ तिनं पदराच्या गाठीला बांधली होती. गावातून निघताना पाठ माझ्याकडं, सवयीनं. मारुतीचं देऊळ मागं पडलं तशी तिनं पदर मागं घेतला आणि वळून बसली. आता बोलंल, मला वाटलं. पण मी पडलो हौशी. आधी तिला दाखवावं म्हणून दांडा तिसऱ्यातून काढला आणि चौथ्यात टाकला. लोण्यात सुरी जावी तसा गेला. ट्रॅक्टर उसळला. वारं कानात घुसलं, मागं रिकामी ट्रॉली थाड-थाड आपटायला लागली, इंजिन ओरडायला लागलं. एक टमटमवाला मागं पडला, मी त्याला हात केला. आबा, बघा, मी मनात म्हटलं. तेवढ्यात मला दिसलं की मायचे ओठ हलून राहिलेत. ती काहीतरी सांगत होती. मी ओरडून म्हटलं, काय? तिनं पुन्हा सांगितलं. काही ऐकू येईना. तिसऱ्यांदा ती बोललीच नाही. पदर पुढं घेतला आणि समोर बघत बसली, घरात बसायची तशी.

मी घाबरून दांडा मागं ओढला. तिसऱ्यात आलो, ट्रॉली गप्प झाली, ट्रॅक्टर धुडधुडायला लागला. कालव्याचा पूल आला होता.

"ऐकू येत न्हाई न्हवं त्याच्यात?" ती म्हणाली. "म्हणून तर बंद केला त्यांनी."

मग तिनं सांगितलं. अण्णा पहिल्यांदा तिला बाजाराला घेऊन निघाले ते चौथ्यात. नव्या संसारात पहिल्यांदा दोघंच, आणि बाजार येईपर्यंत एक शब्द ऐकू आला नाही. परत येताना तिसऱ्यात आले. पण हळू गेलं की आबा वेळ लागला म्हणून ओरडणार, पारावरचे बघणार, हा बायकोला घेऊन रमतगमत चाललाय म्हणणार. म्हणून मग सगळं घर कळमनुरीला लग्नाला गेलं तेव्हा ही दोघं मागं राहिली, गुरांच्या निमित्तानं. अण्णांनी करवत चालवली आणि खीळ मायनं धरली, दोन्ही हातांनी, पाय रोवून. मी म्हटलं, अन् मिरच्या? बुरशीच्या? ती म्हणाली, "त्याबी जाणूनच आणल्या. त्यांच्याइतकी पारख आख्ख्या बाजारात कुणाला नव्हती."

मला आबांचं वाईट वाटलं, म्हटलं म्हाताऱ्याला फसवलं तुम्ही. तिनं पदराची गाठ चाचपली. मग म्हणाली, गूळ सोडला तेव्हा तुझ्या बापाचं बी अन्न गोड लागंना. कैकदा म्हणाले काढून टाकतो खीळ. मीच म्हणायचे, एवढा एक बाजार होऊ द्या. असे बाजार होत गेले. शेवटी नदीवर, कावळ्यापुढं, त्यांनी सांगितलं, आबा, गिअर चांगला हाय, म्या बंद केलाय, मला हिच्याशी बोलायचं होतं. "मामंजींनी माफ केलं," माय म्हणाली. "कावळा आला न्हवं?"

मला अण्णांचा राग आला, आणि राग येता येता एवढी आठवण आली की समोरचा रस्ता दिसेना. मी विचारलं, आबा गेल्यावर, काका वेगळे झाल्यावर तरी घरात काहून बोलत नव्हता? ती म्हणाली, घरात बोलायची सवयच लागली न्हाई बाबा. तोंड उघडायचं ते ह्याच्यावर बसल्यावर. तेव्हा मला समजलं की ती इतके दिवस गप्प का होती.

बाजारात मायनं मिरची घेतली, एकेक देठ मोडून, वास घेऊन, दुकानदाराला पार जेरीस आणून. हळकुंडं घेतली. मग गुळाची एक ढेप घेतली. म्हणाली, सोमवारी औंढ्याला जाऊ, गिअर पडलाय तर नागनाथाचं देणं ठेवायला नको, आणि नैवेद्यातला पहिला तुकडा मामंजींच्या नावानं. चौथा राहू दे म्हणाली, तुला कामाला येईल. मला नेताना तेवढं तिसऱ्यात चाल.

परतताना मी तिसऱ्यातच होतो. आणि माय बोलत होती. देवा, काय बोलत होती! तूर कुठल्या वावरात चांगली येईल, धाकट्या काकूनं एकदा तूप कसं लपवलं होतं, सुनेला पाठीचा त्रास आहे ते तिनं तुला सांगितलं का, नसंल सांगितलं, तूच विचार. हात हवेत चाललेला, बांगड्या नसलेला आता, पण तोच. मी मान हलवत होतो. कधी तोंड वळवून काही म्हणायचो, ती हसायची. ऊन कललं होतं, ट्रॉलीत मिरचीची पोती आणि गुळाची ढेप. मला वाटत होतं, हा रस्ता असाच चालू राहावा, कुठं पोचूच नये. टमटमवाले भोंगा वाजवत पुढं गेले. जाऊ देत.

कालवा ओलांडून आलो. तिचं बोलणं हळू झालं होतं, घरातल्या लहानसहान गोष्टींवर आलं होतं. मग ती मागं वळली, ट्रॉलीकडं बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "अवो, झोपलं बघा पोरगं."

मी मागं बघितलं नाही. मागं पोत्यांशिवाय कुणी नव्हतं.

"झोपू दे," मी म्हणालो.

ती हुंकारली आणि पुन्हा बोलायला लागली. समोर, शेताच्या टोकाशी, मारुतीच्या देवळाचं शिखर दिसत होतं. मी दांडा मागं ओढला आणि दुसऱ्या गिअरवर आलो.